जुन्या टॉप लोडचा टकटकाट घालवला: आखाजीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

मशीन टॉप लोड आहे, 7 किलोची, बेल्टवाली, तळाशी पल्सेटर (कपडे घुसळणारी फिरती चकती), बरीच वर्षं वापरलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा त्रास एका कंपनीचा नाहीच, या पद्धतीच्या ड्राइव्हच्या बऱ्याच मशीन जुन्या झाल्या की असाच आवाज करतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आम्ही तिचं खालचं सगळं काम करून घेतलं, आणि मधे पावसाळा गेला, श्रावणातला कानबाईचा सण झाला, दिवाळी झाली, म्हणजे आता सांगता येईल की पैसे वाया गेले की नाही. नाही गेले.

आम्ही जळगाव जिल्ह्यात चोपड्याला राहतो, घरात सात माणसं आणि शेती केळीची. केळीचा चिक कपड्याला लागला की डाग कायमचाच, तो काही जात नाही, पण त्यावर बसलेली काळी माती तरी निघावी म्हणून शेतातले कपडे भिजवून लांब वॉशवर टाकावे लागतात. म्हणजे आमची मशीन रोज चालते आणि जड चालते. गेल्या हिवाळ्यापासून असं व्हायला लागलं की पल्सेटर एका बाजूला फिरायचा, थांबायचा, आणि उलटा फिरायला लागताना खालून टक. प्रत्येक वेळी टक, आणि टबला छोटा झटका. पूर्ण वॉशभर हेच. सासूबाई दुपारी मागच्या खोलीत पडतात, त्या उठून यायच्या, "काय कुटी राह्यनी व हाई मशीन?" आणि त्यांचं काही चुकत नव्हतं, भिंतीपलीकडे तो आवाज खरंच कुटल्यासारखाच जायचा.

दुकानात विचारलं तर उत्तर एकच, जुनी झाली, नवीन घ्या. पण मोटर चांगली, टब चांगला, पॅनल चांगलं, मग फक्त आवाजासाठी वीस हजार घालायचे हे काही मला पटेना. आवाज नक्की कुठून येतोय ते आधी कळलं पाहिजे.

तर आधी हे थोडं समजून घ्या, नाहीतर मेकॅनिक जे म्हणेल ते बदलत बसाल. या मशीनमधली मोटर साधी सिंगल फेज, कपॅसिटरवाली (कपॅसिटर म्हणजे मोटरला सुरू व्हायला जोर देणारा छोटा पार्ट). रिले (वीज जोडणारा आतला स्विच) लागला की तिला एकदम पूर्ण व्होल्टेज मिळतं, हळूहळू सुरू होणं हा प्रकारच नाही. मोटर बेल्टने खालची मोठी पुली फिरवते, पुली गिअरबॉक्समधून पल्सेटर फिरवते. या सगळ्या साखळीत प्रत्येक जोडाला थोडी थोडी ढिलाई असते, गिअरच्या दातांमधे, शाफ्टच्या म्हणजे फिरणाऱ्या दांड्याच्या खाचांमधे, पल्सेटरच्या मधल्या भोकात. एकाच दिशेने फिरत असेल तर ती ढिलाई कळत नाही कारण दात एका बाजूला टेकलेलेच असतात. दिशा बदलली की दात सुटतात, मधली मोकळी जागा मोटर जोरात पार करते आणि पलीकडच्या बाजूवर जाऊन आदळते. वर पाणी आणि ओले कपडे अजून जुन्याच दिशेने फिरत असतात, त्यामुळे टक्कर समोरासमोरची. भुसावळच्या यार्डात मालगाडी सुटताना इंजिनने एकदम ओढलं की डब्यांच्या कपलिंगमधली ढील एकामागोमाग एक खडखड करत भरत जाते, अगदी तेच इथे होतं, फक्त इथे ते मिनिटाला कितीतरी वेळा होतं.

आणि यातली मुख्य गोष्ट अशी की आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गावर जातो. वेग निम्मा केला तर ऊर्जा पाव राहते. म्हणजे आवाज कमी करायचे खरे रस्ते तीनच, ढिलाई कमी करा, ती भरताना वेग कमी ठेवा, नाहीतर मधे रबरासारखं काही ठेवा जे धक्का एका क्षणात न देता थोडा पसरवून देईल. चौथा रस्ता म्हणून लोक मशीनवर चादर टाकतात, तिला कोपऱ्यात सरकवतात, त्याने काही होत नाही.

आमचा मेकॅनिक भला माणूस निघाला. प्लग काढला, कपॅसिटर डिस्चार्ज केला (हे कोणीही घरी करत असाल तर विसरू नका, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज असू शकतो), जुनी गोधडी अंथरून मशीन पाठीवर आडवी केली. मग एका हाताने खालची पुली घट्ट धरली आणि मला म्हणाला, ताई आता आतून पल्सेटर हलवा. मी हलवला तर पुली जागची हलली नाही आणि पल्सेटरची कड मात्र चांगली दोन बोटं इकडून तिकडे गेली, दोन्ही टोकांना टक, टक, तोच आवाज, फक्त हळू. "हाई देखा, कितलं सैल व्हयेल शे." त्या दोन बोटांसाठी आम्ही चार महिने डोकं उठवून घेत होतो. ज्यांना टकटक ऐकू येते त्यांनी दुसरं काही करायच्या आधी ही एवढी तपासणी करूनच घ्या, पाच मिनिटांचं काम आहे आणि यात मेकॅनिकला काही लपवता येत नाही.

पल्सेटर काढला तर मधला स्क्रू घट्ट होता पण ज्या भोकात शाफ्टचे दात बसतात ते प्लास्टिक झिजून गोलसर झालेलं. आतमधे पांढरा क्षार, आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे. गिअरबॉक्सचीही ढिलाई होतीच. त्यामुळे पल्सेटर आणि क्लच गिअरबॉक्स हे दोन्ही बदललं. फक्त पल्सेटर बदलला असता तर अर्धाच आवाज गेला असता असं त्याचं म्हणणं आणि हाताने हलवून बघितल्यावर ते बरोबरच वाटलं.

त्यानंतर बेल्ट. तो कडक होऊन चकाकायला लागला होता, सुरू होताना चीं करून घसरायचा. नवीन टाकला, ताण असा ठेवला की मधे अंगठ्याने दाबलं तर साधारण एक सेंटीमीटर दबेल. फार ताणला तर मोटर आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो आणि मग गर्रर्र असा दुसराच आवाज सुरू होतो, त्यामुळे जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असं नाही. मोटरखालचे रबरी बुश दबून सपाट झालेले, ते पण बदलले. हे बुश स्वस्त असतात म्हणून कोणी लक्ष देत नाही पण मोटरचा झटका पत्र्याच्या बॉडीत जाण्याआधी तेच खातात. त्याला किंवा बेल्टला तेल ग्रीस लावू देऊ नका, साधं रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं, बेल्ट तर घसरणारच.

कपॅसिटर मोजला, वर 12 मायक्रोफॅरड लिहिलेलं आणि मीटरवर जेमतेम 8. आमच्याकडे मे महिन्यात पारा 44, 45 जातो, मशीन मागच्या पडवीत पत्र्याखाली, तर उन्हाने कपॅसिटर लवकर जाणारच. कमजोर कपॅसिटरवर मोटर सुरू होताना हम्म करून अडकते आणि मग एकदम उसळते, ती उसळीही पुढे गिअरवरच जाते. किरकोळ खर्च आहे, करून टाका.

लिव्हरची सेटिंग मात्र बरेच मेकॅनिक बघतच नाहीत. वॉश चालू असताना टब ब्रेकने धरलेला असतो आणि फक्त पल्सेटर फिरतो, स्पिनच्या वेळी ड्रेन मोटर लिव्हर ओढते, पाणी सुटतं, ब्रेक सुटतो आणि क्लचची स्प्रिंग टबचा आणि पल्सेटरचा असे दोन्ही शाफ्ट एकत्र धरते. ही लिव्हर थोडी जरी चुकीच्या जागी असली तर वॉशमधे स्प्रिंग पूर्ण सुटत नाही, अर्धवट घासत राहते, टबही पल्सेटरसोबत ओढला जातो, आणि टर्रर्र असा आवाज येतो. गिअरबॉक्स नवीन टाकूनही आवाज गेला नाही असं सांगणारे भेटतात त्यांनी हे एकदा बघून घ्यावं.

सगळं मिळून मजुरीसकट खर्च साडेचार हजारांच्या आत झाला.

आता वापराचं. पहिल्याच वॉशला फरक इतका की मी झाकण उघडून बघितलं, फिरतंय ना. टक गेली. मोबाईलच्या ॲपवर आधी 70 च्या आसपास डेसिबल यायचे ते 60 च्या खाली आले, ॲप काही प्रयोगशाळेचं यंत्र नाही पण तोच फोन, तीच जागा, म्हणून फरक खरा धरायला हरकत नाही, आणि 10 डेसिबल कमी म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज. आखाजीला दोन्ही नणंदा मुलाबाळांसकट माहेरी आलेल्या, दिवसातून तीन तीन वेळा मशीन लागायची, काही तक्रार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बेल्ट जरा चीं करायला लागला, नवीन बेल्ट सुरुवातीला थोडा सैल पडतोच, मोटरचे बोल्ट ढिले करून पुन्हा ताण दिला, तेव्हापासून गप्प आहे.

खरी परीक्षा श्रावणात झाली. कानबाईच्या आधी घरातलं सगळं धुवायचं असतं, पडदे, चादरी, गोधड्या. गोधडी पाणी पिऊन जी जड होते त्याने पल्सेटरवर सगळ्यात जास्त ताण येतो, आणि पाणी कमी असेल तर ती पल्सेटरवर बसूनच राहते आणि प्रत्येक वळणाला पूर्ण भार गिअरवर जातो. मी एका वेळी एकच गोधडी टाकली, पाण्याची लेव्हल सगळ्यात वर, आणि जेंटल प्रोग्राम, ज्यात फिरणं कमी आणि मधला थांबा मोठा असतो. तो थांबा मोठा असणं हेच कामाचं, कारण तेवढ्यात पाण्याचा जुना वेग मरतो आणि उलट फिरताना टक्कर हलकी होते. मोटर न बदलता धक्का कमी करायचा हा फुकटचा उपाय आहे, मी आता जाड कपड्यांना कायम हाच प्रोग्राम लावते, थोडा वेळ जास्त लागतो, लागू दे.

व्होल्टेजचंही सांगते कारण आपल्याकडे हा विषय टाळताच येत नाही. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. 230 च्या जागी 180 आलं तर जोर 61 टक्क्यांवर येतो. संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज पडतं तेव्हा मोटर गुरगुरते, बेल्ट घसरतो, गोधडी फिरतच नाही, आणि मग वाटतं की मशीनच बिघडली. मी सकाळी लावते, आवाज वेगळाच, मोकळा.

नाशिकला नणंदेकडे इन्व्हर्टर डायरेक्ट ड्राइव्ह आहे, दिवाळीत तिच्याकडे जाऊन मुद्दाम जवळ उभी राहून ऐकलं. तिथे बेल्ट नाही, मोटर थेट टबखाली, आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मोटरला आधी हळू फिरवतो मग वेग वाढवतो, थांबवतानाही तसंच. म्हणजे जी ढिलाई आमची मोटर धाडकन पार करते ती तिथे अलगद भरली जाते. न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल कंपनीने 1991 मधे स्मार्टड्राइव्ह नावाने अशी मशीन आणली, अॅजिटेटर (टबच्या मधोमध कपडे घुसळणारा खांब) मागेपुढे फिरवायचं काम गिअरकडून काढून मोटरच्या कंट्रोलकडे दिलं. त्याआधी अमेरिकन पद्धतीच्या कित्येक अॅजिटेटर मशीनमधे मोटर एकाच दिशेने फिरायची आणि गिअरबॉक्स आतल्या आत तिचं मागेपुढे करायचा, प्रत्येक फेरीच्या टोकाला धक्का ठरलेलाच. नवीन घेणाऱ्यांना मी हेच सांगेन की किलो आणि प्रोग्राम नंतर बघा, आधी मोटर सॉफ्ट स्टार्टवाली आहे का ते विचारा. आवाजात नणंदेची मशीन आमच्यापेक्षा सरस आहे, मान्यच. पण कंट्रोल बोर्ड गेला तर खर्च मोठा आणि तालुक्याच्या गावात तो लगेच मिळेलच असं नाही, आमच्या मशीनचा प्रत्येक पार्ट चोपड्यात नाहीतर जळगावात मिळतो.

ज्यांच्याकडे मधोमध उंच खांबासारखा दोन भागांचा अॅजिटेटर आहे त्यांनी गिअरबॉक्स उघडायच्या आधी त्याचं वरचं टोपण काढून बघावं. त्यात वरचा स्क्रूसारखा भाग एकाच दिशेने सरकत फिरतो आणि त्याला आत छोटे प्लास्टिकचे अडणे असतात, ते झिजले की कटकट कटकट आवाज येतो आणि लोक हजारोंचा गिअरबॉक्स बदलून बसतात.

बाजारात मिळणारे रबरी पॅड मी पण घेतले होते. स्पिनमधे फरशीला जाणारी धडधड त्याने थोडी कमी होते, पण वॉशमधल्या टकला त्यांचा काहीही उपयोग नाही, तो आवाज आतून येतो. चाकांचा स्टँड काढून टाकला आणि चारही पाय फरशीवर लेव्हल केले तर पॅडपेक्षा जास्त फरक पडला. स्पिनची धडधड जास्त असेल तर टब ज्या चार सस्पेन्शन रॉडवर लटकतो ते बघा, टब हाताने खाली दाबून सोडा, एकदा वर येऊन थांबला तर ठीक, झुलत राहिला तर रॉड गेलेत. आमचे दोन गेलेले पण बदलले चारही, दोन नवे दोन जुने ठेवले तर टब तिरका लटकतो.

राहिलं काय, तर स्पिन संपताना ब्रेक लागतो तेव्हाचा खर्रर्र आवाज अजून आहे, आणि स्पिनच्या वरच्या वेगाला बारीक गुणगुण यायला लागली आहे, बेअरिंग असेल. सील गळतंय का ते पुढच्या वेळी मशीन आडवी केल्यावर बघणार, सील गळून बेअरिंगमधे क्षाराचं पाणी गेलं तर ते टिकत नाही.

आणि पार्ट घेताना जुना गिअरबॉक्स आणि जुना पल्सेटर दोन्ही सोबत घेऊन जा. शाफ्टच्या दातांची संख्या मॉडेलप्रमाणे वेगळी असते, लांबीही वेगळी, मोबाईलवरच्या फोटोत सगळे सारखेच दिसतात. दुकानातच नवीन शाफ्टवर नवीन पल्सेटर बसवून हाताने हलवून बघा, तिथेच सैल लागला तर दुसरा मागा.