गाडीचा टेंपरेचर लॉगर घेतला, पण कॅलिब्रेशन केल्याशिवाय उपयोग नाही

एप्रिल-मेमधे शिरपूरहून केळी भरून नाशिकला निघालं की आमची पिकअप लळिंग घाटातच तापायला लागते, पुढे राहुड घाट तर बाकीच असतो. डॅशबोर्डवरचा काटा कायम मधेच उभा, तो वर सरकतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हा लॉगर ऑनलाइन मागवला. पितळी एनटीसी सेन्सर (टेंपरेचर ओळखणारा), रेडिएटरच्या वरच्या होस पाइपमधे बसवायचा अडॅप्टर आणि मेमरी कार्डवर नोंद करणारा डबा.

पहिल्याच ट्रिपचे आकडे बघून डोकं फिरलं, ९० वरून एकदम ९२, मग ९४, मधलं काहीच नाही. मी सेन्सर परत पाठवणार होतो, पण धुळ्यातल्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने मीटर लावला अन् म्हणाला, "सेन्सर नीट शे भाऊ, तुना डबामाच गडबड शे."

झालंय असं की एनटीसी जितका तापतो तितका त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. आमचा बर्फात ५८०० ओहम दाखवत होता, उकळत्या पाण्यात फक्त १९० च्या आसपास. आणि डब्यात सेन्सरला जोडलेला रेझिस्टर होता १० के चा, म्हणजे १०,००० ओहमचा! डबा सेन्सरचं रीडिंग एकूण १०२३ पायऱ्यांत मोजतो, त्यातली ९० डिग्रीला २४ वी अन् १०० डिग्रीला १९ वी, म्हणजे दहा डिग्रीत पाचच पायऱ्या, मग उड्या मारणारच ना. खोलीचं टेंपरेचर मोजायला १० के ठीक आहे, इंजिनला नाही. त्याने तिथे १ के चा, एक टक्केवाला मेटल फिल्म रेझिस्टर टाकला. दोन-चार रुपयांची वस्तू, पण आता त्याच दहा डिग्रीत पस्तीसेक पायऱ्या मिळतात.

रेझिस्टर बदलला की जुनं सेटिंग गेलं, परत कॅलिब्रेट करावंच लागतं, म्हणजे माहीत असलेल्या टेंपरेचरशी आकडा जुळवून द्यावा लागतो. ॲपमधे तीन पॉइंट देता येतात, ही सोय मला फार आवडली. पहिला पॉइंट बर्फाचा. बर्फ बारीक कुटून त्यात थोडंसंच पाणी, मीठ अजिबात नको, आणि हलवत राहायचं. मी आधी नुसते खडे टाकले होते तर आकडा स्थिरच होईना. दुसरा गरम पाणी अन् चांगला थर्मामीटर, साठच्या आसपास. तिसरा उकळतं पाणी, पण सेन्सर पातेल्याच्या बुडाला टेकू द्यायचा नाही आणि १०० टाकायचं नाही, धुळ्याच्या उंचीवर पाणी ९९ च्या जरा वर उकळतं.

अजून एक, अर्थिंग. सेन्सरला अर्थ त्याच्या पितळी बॉडीतून अडॅप्टरमार्फत मिळतो, पण होस पाइप रबरी, त्यामुळे अडॅप्टरला अर्थची वेगळी वायर लागते. मी ती चेसिसला जोडली तर हेडलाइट लावले की आकडा बदलायचा. वायर सरळ लॉगरच्या अर्थला नेली तेव्हा थांबलं. थ्रेडवर टेफ्लॉन टेपही जास्त गुंडाळू नका, अर्थ तुटतो.

आता लळिंग चढताना ९३, ९४, ९५ असं सावकाश वर जाताना दिसतं, आणि वर पोचल्यावर किती वेळात उतरतं तेही. त्यावरूनच कळलं की रेडिएटरच्या जाळीत कचरा अडकलाय, ती धुतल्यापासून त्याच चढाला चार डिग्री कमी.

डबा मजबूत आहे, कार्डावरची नोंद एकदाही चुकली नाही. पण गाडीसाठी म्हणून विकता अन् आत १० के टाकता, वर माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ नाही, हे बरोबर नाही. ५ पैकी ३ स्टार.