नव्या शहरातलं उपनगर: अकरा महिने राहिल्यानंतरचा अनुभव (सिग्नल मोजून घ्या)

शाळेसमोरचा पादचारी सिग्नल आज बाराव्या दिवशीही बंद आहे, म्हणून लिहायला बसले.

मुलाबाळांसाठी भाग निवडताना काय पाहावं, याच्या याद्या तुम्ही सगळ्यांनी वाचल्या असतील. शाळा, दवाखाना, बाग, पाणी, कामाचं अंतर. आम्हीही तशाच यादीने शोधलं. माझी बदली झाली होती, शहर नवं, ओळखीचं कोणी नाही. घरात नऊ वर्षांची मुलगी, साडेपाच वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. सहा उपनगरं पाहिली. हे घेतलं कारण शहराच्या मधल्या भागापेक्षा भाडं पाचव्या हिश्श्याने कमी होतं आणि एक खोली जास्त मिळत होती. पैसा जपून वापरणारं घर आहे आमचं, त्यामुळे तिथेच निर्णय झाला. यादीतलं जवळजवळ सगळं खरं निघालं. पण आमचा रोजचा दिवस कसा जाणार हे ठरवलं ते यादीत नसलेल्या एका गोष्टीने: घर आणि शाळा यांच्या मधल्या रस्त्याने.

घर ते शाळा ७०० मीटर. जाहिरातीत ‘शाळा नऊ मिनिटांवर’ लिहिलं होतं आणि ते खोटं नव्हतं. जपानमध्ये घरांच्या जाहिरातींसाठी तसा नियमच आहे: ८० मीटर म्हणजे चालायचं एक मिनिट, आणि वरचा अपूर्णांक पूर्ण धरायचा. त्या हिशेबाने ७०० मीटरला नऊ मिनिटंच येतात. पण त्या हिशेबात सिग्नलला थांबणं धरलेलं नसतं, चढ धरलेला नसतो, आणि बुटाचा बंद सुटलेला लहान मुलगाही धरलेला नसतो. आम्हाला सोळा मिनिटं लागतात. त्यातली जवळजवळ दोन नुसती उभं राहण्यात जातात.

पहिल्याच महिन्यात मी सिग्नल मोजला. लाल १०२ सेकंद, हिरवा १८. मग रस्ता मोजला. झेब्रा क्रॉसिंगचा एक पांढरा पट्टा अर्धा मीटर, मधली काळी जागा अर्धा मीटर, आणि असे बावीस पट्टे. म्हणजे रस्ता २२ मीटर रुंद. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. २२ ला १.२ ने भागलं की अठरा सेकंद आणि वर थोडं येतं. कागदावर चोख. धडधाकट माणूस हिरवा लागताक्षणी निघाला, तर जेमतेम पोचतो. सासूबाई सेकंदाला ०.८ मीटर चालतात. मी अकरा वेळा मोजलं आहे. अठरा सेकंदांत त्या चौदाव्या पट्ट्यावर असतात. मुलगा पट्टे मोठ्याने मोजत चालतो, त्यामुळे मला दिव्याकडे बघावंही लागत नसे. त्याच्या तोंडून ‘चौदा’ आलं की दिवा लाल झालेला असायचा आणि थांबलेल्या गाड्यांची इंजिनं गुरगुरायला लागायची. पुढचे आठ पट्टे सासूबाई माझा दंड घट्ट धरून, मान खाली घालून चालायच्या.

त्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ५० किलोमीटर आहे. ताशी ३० ने येणारी गाडी चालकाला धोका दिसल्यापासून कोरड्या रस्त्यावर तेरा-चौदा मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ची गाडी तेवढ्या अंतरात नुसती चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंत आलेली असते, वेग तसाच्या तसा. घर बघायला आलो तेव्हा रविवार सकाळचे अकरा वाजले होते आणि रस्ता रिकामा होता. शाळेच्या वेळेला, शाळेच्या दिवशी आम्ही तिथे एकदाही उभे राहिलो नव्हतो. ही चूक आमची, आणि ती करू नका हे सांगायला एवढं लिहिते आहे.

पुढचे तीन महिने आम्ही ७०० मीटरसाठी गाडी काढली. मला ते मनापासून खटकायचं. इंजिन गार असताना इंधन जास्त जळतं आणि एवढ्याशा अंतरात ते धड तापतही नाही, म्हणजे सगळ्यात महाग किलोमीटर आपण रोज चार वेळा चालवायचे. भाड्यात वाचवलेले पैसे असे रस्त्यावर सांडत होते. शिवाय शाळेच्या दारात आमच्यासारख्याच भ्यालेल्या आईबापांच्या गाड्यांची गर्दी, आणि त्या गर्दीमुळे चालत येणाऱ्या मुलांना आणखी धोका. त्या धोक्यात आमच्या गाडीचाही वाटा होता.

बाकीच्या गोष्टी आटोपशीर सांगते. बाग उत्तम आहे, पण पाळणे आणि घसरगुंडी सहा वर्षांच्या आतल्यांसाठीच. नऊ वर्षांच्या मुलीला तिथे करण्यासारखं काही नाही. तुमची मुलं मोठी होणार आहेत, तेव्हा त्यांच्या आजच्या वयापेक्षा चार वर्षांनी मोठ्या मुलाच्या नजरेने बाग बघा. दवाखाना चालत सात मिनिटं, रस्ता न ओलांडता. त्याला पैकीच्या पैकी गुण. रात्रीच्या आवाजाबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली रस्त्यावरच्या वाहतुकीच्या रात्रीच्या आवाजासाठी ४५ डेसिबलच्या खाली राहण्याची शिफारस केली आहे, आणि तो आकडा घराबाहेरचा आहे. आमची झोपायची खोली मागच्या बाजूला असल्याने आम्ही वाचलो. समोरच्या बाजूच्या घरांत लोक बाराही महिने खिडक्या लावून झोपतात. शाळेचा प्रवेश पत्त्यावरून ठरत असेल तर हद्दीचा नकाशा स्वतः बघा, घर दाखवणाऱ्या माणसाच्या शब्दावर राहू नका.

आणखी एक, जे मला कोणीच सांगितलं नव्हतं. उपनगर कामाच्या जागेच्या पश्चिमेला असेल तर सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी चालवावी लागते, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य थेट डोळ्यांत. पूर्वेला असेल तर दोन्ही वेळा पाठीशी. आमचं पश्चिमेला आहे. सकाळी त्या झेब्रा क्रॉसिंगकडे येणाऱ्या अर्ध्या चालकांचे डोळे दिपलेले असतात. बघा, फिरून परत मी त्याच जागी आले.

पाचव्या महिन्यात मुलीला शाळेत ‘माझा परिसर’ काढायला सांगितला होता. तिने घर काढलं, जिना, शेजारची कुंपणं, बाग, दवाखान्याची पाटी, एवढंच काय बागेतला गळका नळही. मग काळ्या रंगाचा जाड पट्टा, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पट्ट्याच्या पलीकडे शाळेची एकच चौकट, आणि भोवती कोरा कागद. तिच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली पलीकडे राहतात. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले.

१९६९ साली शहररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तीन शेजारशेजारच्या रस्त्यांवर राहणाऱ्यांची पाहणी केली होती. एकावरून दिवसाला साधारण २,००० गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८,०००, तिसऱ्यावरून १६,०००. कमी वर्दळीच्या रस्त्यावरच्या लोकांना त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त वर्दळीच्या रस्त्यावर एकही पुरा नाही, ०.९. ‘तुमचं घर कुठवर पसरलं आहे’ असं विचारल्यावर कमी वर्दळीच्या रस्त्यावरचे लोक अख्खा रस्ता आपला धरत. जास्त वर्दळीच्या रस्त्यावरचे आपल्या इमारतीपाशी थांबत. मुलीचं चित्र बघेपर्यंत माझ्यासाठी ती कुठेतरी वाचलेली माहिती होती. त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर होती.

म्हणून माझं मत, आजच्या तारखेला: घर चांगलं, भाग चांगला, पण कुटुंबासाठी दहापैकी चार. भाडेकरार संपला की निघायचं.

———

वरचा मजकूर लिहून ठेवला होता. मध्ये तीन आठवडे गेले आणि आता मला तो बदलावा लागतो आहे. चार गुण खोडत नाही, त्या दिवशी ते खरेच होते.

आधी तक्रारीचं. चौथ्या महिन्यात मी वाहतूक विभागाला पहिलं पत्र लिहिलं: वेळ वाढवा. आठवड्यात तक्रार निकाली काढली, सिग्नल चालू स्थितीत आहे म्हणून. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं की वेळ मानकानुसार आहे. ती होतीच, आणि माझा आक्षेप नेमका त्या मानकावर होता. मग सिग्नल पुरता बंद पडला. आता पुढचा चालू सिग्नल ४५० मीटर वर, म्हणजे जाऊन-येऊन ९०० मीटर जास्त, मुलाच्या पावलांनी अर्ध्या तासाहून जास्त शाळेची वाट. या वेळी मी रागाचं पत्र लिहिलं नाही. एका कागदावर आकडे लिहिले: रुंदी २२ मीटर, हिरवा १८ सेकंद, सासूबाईंच्या अकरा फेऱ्यांच्या अकरा वेळा, प्रत्येकीची तारीख. आणि खाली एक ओळ: आमच्या घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस २७ ते २८ सेकंदांत पोचतं.

चौदाव्या दिवशी एक इंजिनिअर स्वतः आले. सकाळी सव्वासातला, शाळेच्या गर्दीत, हातात घड्याळ घेऊन. त्यांनी सासूबाईंना विचारलं, ‘आजी, माझ्याबरोबर एकदा ओलांडाल का?’ त्यांचा हात धरून, दुसऱ्या हाताने गाड्या थांबवत ते चालले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी काहीही न बोलता वहीत आकडा लिहिला. मला या माणसाबद्दल वाटलेला आदर इथे नोंदवून ठेवायचा आहे.

आणि शेजारी. सिग्नल बंद असलेल्या त्या दिवसांत पलीकडच्या इमारतीतले एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहू लागले. मुलं जमली की हात वर करून गाड्या थांबवायचे. दुसऱ्या आठवड्यात आम्ही आईबापांनी पाळ्या लावल्या. दोन मोठी माणसं, दहा-बारा मुलं, ठरलेल्या कोपऱ्यांवर ठरलेल्या वेळी थांबत जाणारी रांग. ‘चालती शाळा-बस’ म्हणून ही कल्पना १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातून सगळीकडे पसरली. आम्ही ती गरजेपोटी केली. अकरा महिन्यांत मला या भागातली चार नावं माहीत होती, त्या सतरा दिवसांत वीस झाली. मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण आता शनिवारी आमच्याकडे असते.

अठराव्या दिवशी सिग्नल लागला. मी सवयीने मोजायला उभी राहिले. हिरवा ३२ सेकंद! शिवाय वळणाऱ्या गाड्यांना सोडण्याआधी पादचाऱ्यांना पाच सेकंद आधी हिरवा मिळतो, म्हणजे गाडी वळेपर्यंत चालणारी माणसं तिसऱ्या-चौथ्या पट्ट्यावर, चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर असतात. त्या दिवशी मुलाच्या तोंडून ‘चौदा’ आलं, ‘पंधरा’ आलं, ‘बावीस’ आलं, आणि दिवा हिरवाच होता. सासूबाई पलीकडच्या पदपथावर चढून मागे वळल्या आणि त्यांनी सिग्नलकडे पाहून हात जोडले.

लाल अजून मोठाच आहे, ८८ सेकंद. थांबणं ३० सेकंदांच्या पुढे गेलं की पादचाऱ्यांचा धीर सुटतो आणि ते लालमध्येच उतरतात, असं वाहतुकीचा अभ्यास करणारे म्हणतात. मोठ्या वर्गातली मुलं ते करताना मी रोज बघते. वेगाची मर्यादाही अजून ५० च आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ सालीच मुख्य रस्ते सोडून बाकी सगळीकडे ताशी ३० लावली. आमच्या शाळेसमोर निदान शाळेच्या वेळात तरी तशी लागावी असा अर्ज आम्ही सव्वीस घरांच्या सह्यांनी दिला आहे.

गाडी आता पावसापुरतीच निघते, आणि भाड्यात वाचलेले पैसे खरोखर वाचू लागलेत. माझे गुण आता दहापैकी सात. भाडेकरारावर पुढच्या महिन्यात आणखी दोन वर्षांची सही करणार आहे.

तुम्ही घर बघायला जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला बरोबर न्या. शाळेच्या दिवशी, शाळा भरायच्या वीस मिनिटं आधी, त्यांच्याबरोबर तो रस्ता ओलांडा. स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटं नंतर बघता येतात.

मुलीला आता एकटीने शाळेत जायचं आहे. रस्त्याच्या मधोमध उभं राहायला बेट बांधून झालं की सोडेन, असं मी तिला कबूल केलं आहे. तो अर्ज वेगळा आहे, त्याला अजून उत्तर नाही. ती रोज संध्याकाळी विचारते.