सोळाची एक की आठाच्या दोन?

कॉम्प्युटरला सोळा जीबी रॅम हवी, तर सोळा जीबीची एक स्टिक घ्यावी की आठ जीबीच्या दोन? दुकानात विचारलं की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "साहेब, सोळाची एकच घ्या. एक स्लॉट (रॅमची खाच) मोकळा राहील, पुढे वाढवता येईल." तपकीर गल्लीत मलाही हेच सांगितलं गेलं आणि पटलंही. प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी, मदरबोर्ड दोनच स्लॉटचा, ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नव्हतं. डीडीआर४ प्रकारची, ३२०० वेगाची एक स्टिक घेऊन घरी आलो.

रोजच्या कामात काही बिघडलं नाही. एक्सेल, टॅली, ब्राउझरचे तीस टॅब, सगळं नीट. पोरगा गेम खेळायला बसला तेव्हा फरक कळला. ५६००जीमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममध्येच वाटा मागतं. एका स्टिकचा रस्ता ६४ बिटांचा, कागदावर सेकंदाला २५.६ जीबी, दोन चॅनलवर, म्हणजे दोन वेगळ्या रस्त्यांवर, दोन स्टिक बसल्या की ५१.२. भावाकडे हाच प्रोसेसर आणि आठाच्या दोन. त्याच्याकडे तोच गेम सरळ चालायचा, आमच्याकडे वळणावर गाडी अडखळायची. फ्रेम मी मोजल्या नाहीत, पोराचं तोंड पुरेसं होतं. वेगळं कार्ड असेल तर हा फरक बराच कमी होतो, तेव्हा कार्डवाल्यांनी एवढं मनावर घेऊ नये.

पण माझं मत बदललं ते गेममुळे नव्हे, त्या "पुढे वाढवता येईल"मुळे.

दीड वर्षाने दुसरी सोळाची आणली. तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर. लेबल जुळलं, पण सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर आतल्या चिप दुसऱ्याच कंपनीच्या. एक्सएमपी (रॅम लेबलवरच्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू ठेवलं की सकाळी पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरायचे आणि स्क्रीन काळी. बंद करा, पुन्हा लावा, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुरू. जुनी स्कूटर आडवी करून किक मारायचो, तसलाच प्रकार. एकदा कॉम्प्युटर लागला की दिवसभर तक्रार नाही, त्यामुळे दुकानात नेला की शहाण्यासारखा पहिल्याच झटक्यात चालू! वेग २६६६ वर उतरवला तेव्हा कटकट थांबली, पण मग ३२०० चे पैसे कशाला मोजले? शेवटी दोन्ही विकल्या आणि एकाच पाकिटातल्या सोळाच्या दोन आणल्या.

सगळ्यांना असंच होईल असं नाही. वेगवेगळ्या स्टिक वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदतानाही पाहिल्या आहेत. बोर्ड दोन स्लॉटचा असेल आणि महिन्या-दोन महिन्यांत ३२ करायचेच असतील, तर एक सोळाची घेणं चूक म्हणवत नाही. आठाच्या दोन घेतल्या तर दोन्ही काढाव्या लागतील. "बघू पुढे" असं असेल, तर मात्र मी तरी दोन घेईन.

डीडीआर५ (डीडीआर४ नंतरचा प्रकार) घेणाऱ्यांना हल्ली सांगतात की एकच स्टिक आपोआप ड्युअल चॅनल असते. ते अर्धवट आहे. एका स्टिकमध्ये ३२ बिटांचे दोन भाग असतात खरे, पण बेरीज ६४ च. तिथे सोळाच्या दोन घ्याव्यात, आठाच्या स्टिकवर चारच चिप असतात आणि त्या थोड्या मागे पडतात. चार स्टिक भरायचा मोहही टाळा: रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरला एएमडी दोन स्टिकवर ५२०० वेग सांगते, चारवर ३६००.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन लावताना साधारणपणे प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा. शेजारीशेजारी लावल्या तर दोन असूनही काम एकाच चॅनलवर चालतं.

भावाला एक्सएमपी मीच चालू करून दिलं होतं. तेव्हापासून त्याने बायोस, म्हणजे जिथे हे सेटिंग असतं तो मदरबोर्डचा मेनू, उघडलेलं नाही.