अकरा इंच म्हणजे नेमके किती? नागपुरात टॅबलेट घेण्यापूर्वी एक तुलना

दहावी-बारावीचे निकाल लागले की बर्डीवरच्या दुकानांत टॅबलेटची चौकशी वाढते. काउंटरवर चार-पाच टॅबलेट ओळीने उभे असतात आणि सगळ्यांवर तोच रंगीबेरंगी व्हिडिओ चालू असतो. "भाऊ, किती इंची हाये हा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "काका, सगळे अकरा इंचीच आहेत, फक्त कंपनी वेगळी." हे ऐकून बरेच जण कंपनी आणि किंमत बघून पैसे मोजतात. मुलगी घरी जाऊन नोट्सची पीडीएफ उघडते, अक्षरं बारीक दिसतात, आणि मग वर्षभर दोन बोटांनी पान मोठं-लहान करण्यातच वेळ जातो.

इंचाचं माप पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतात. त्यामुळे दोन पडद्यांचं तिरकं माप सारखं असूनही एक लांबट आणि दुसरा चौकोनाकडे झुकणारा असू शकतो. सॅमसंग, रेडमी आणि लेनोवोचे बहुतेक पडदे १६:१० या लांबट प्रमाणात असतात. आयपॅड ४:३ च्या आसपास, शाओमी पॅड ७ हा ३:२, तर वनप्लस पॅड गो ७:५. सिनेमाला लांबट पडदा चांगला आणि वाचायला रुंद. विद्यार्थी टॅबलेट मुख्यतः वाचायलाच घेतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात फुकट मिळतात, क्लासच्या नोट्स पीडीएफ, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही पीडीएफ, आणि नोट्स-प्रश्नपत्रिकांची पानं बहुतांशी ए-फोर मापाची. म्हणून खरा प्रश्न एवढाच की ए-फोरचं अख्खं पान या पडद्यावर उभं धरून बघितलं तर किती लहान होतं.

पडद्यांच्या मापांवरून मी तो हिशेब मांडला आहे. शेवटच्या रकान्यात कागदावरचं १२ पॉइंटचं अक्षर पडद्यावर किती पॉइंटचं दिसेल ते आहे (पॉइंट म्हणजे छापील अक्षराच्या आकाराचं माप).

| टॅबलेट | तिरकं माप (इंच) | उभा धरल्यावर रुंदी (सेंमी) | ए-फोर पान किती टक्के दिसतं | १२ पॉइंटचं अक्षर |
|---|---|---|---|---|
| गॅलेक्सी टॅब ए-नऊ | ८.७ | ११.३ | ५४ | ६.५ |
| आयपॅड मिनी | ८.३ | ११.६ | ५५ | ६.६ |
| गॅलेक्सी टॅब ए-नऊ प्लस | ११ | १४.८ | ७० | ८.४ |
| आयपॅड (ए-सोळा) | १०.९ | १५.७ | ७५ | ९ |
| शाओमी पॅड ७ | ११.२ | १५.८ | ७५ | ९ |
| वनप्लस पॅड गो | ११.३५ | १६.८ | ७९ | ९.५ |
| लेनोवो टॅब पी-बारा | १२.७ | १७.१ | ८१ | ९.७ |
| आयपॅड एअर १३ | १३ | १९.८ | ८९ | १०.७ |

पहिल्या दोन ओळी बघा. मिनीचा पडदा कागदोपत्री लहान, तरी उभा धरला तर ए-नऊपेक्षा किंचित रुंदच. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वनप्लस आणि लेनोवोची जोडी. तिरक्या मापात सव्वा इंचाहून जास्त फरक आहे, पण ए-फोरचं पान दोन्हींवर जवळपास सारखंच दिसतं. वाढलेली बहुतेक जागा वर-खाली रिकाम्या पट्ट्यांत जाते. वजनात मात्र फरक जाणवतो. लेनोवो सुमारे ६१५ ग्रॅम, वनप्लस ५३२. फक्त पीडीएफ वाचायची असेल तर मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

मराठी वाचणाऱ्याने तर हा शेवटचा रकाना नीट बघावा. आपल्या लिपीत अक्षराच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. त्यामुळे त्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षराला इंग्रजीपेक्षा कमी जागा मिळते. इंग्रजी मजकूर आठ पॉइंटला निभावून जातो, पण झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या मराठी नोट्समध्ये त्याच मापाला 'र्थ' आणि 'र्य' ओळखायला थांबावं लागतं. माझ्या मते मराठी माध्यमाच्या किंवा एमपीएससीच्या विद्यार्थ्याने नऊ पॉइंटच्या खाली जाऊ नये. नाइलाज झाला तर टॅबलेट आडवा धरून अर्धं-अर्धं पान वाचायची सवय करावी.

आकाराची ही चढाओढ जुनी आहे. २०१० मध्ये पहिला आयपॅड ९.७ इंचाचा आला आणि त्याच वर्षी सॅमसंगने सात इंची गॅलेक्सी टॅब आणला. अॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी तेव्हा सात इंची टॅबलेट बाजारात टिकणार नाहीत असं जाहीरपणे सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं क्षेत्रफळाचं होतं आणि हिशेबाला बरोबर होतं, कारण सात इंची लांबट पडद्याचं क्षेत्रफळ आयपॅडच्या निम्म्याहूनही कमी भरतं. पण लोकांनी लहान टॅबलेट घेतले, कारण ते स्वस्त होते आणि एका हातात मावत होते. २०११ चा किंडल फायर आणि २०१२ चा गुगलचा नेक्सस ७, दोन्हींची अमेरिकेतली किंमत १९९ डॉलर होती. शेवटी २०१२ च्या ऑक्टोबरात अॅपलनेच ७.९ इंचाचा मिनी आणला, आणि त्या कार्यक्रमात तो नेक्ससशेजारी ठेवून पडदा ३५ टक्के मोठा असल्याचं दाखवलं. फरक जेमतेम ०.९ इंचाचा, पण आकार ४:३ असल्याने जागा एवढी वाढली.

आपल्याकडे २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' आणला. तोही सात इंचीच. किंमत बघून देशभर उत्सुकता होती, पण पहिल्या आवृत्तीचा पडदा बोट दाबून चालवावा लागे आणि प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा, म्हणजे फारच मंद. स्वस्त यंत्र वाचायला त्रासदायक असेल तर विद्यार्थी ते बाजूला ठेवून देतो, हे तेव्हाच दिसलं होतं. पुढे फोनच साडेसहा-पावणेसात इंचाचे झाले आणि सात इंची टॅबलेटचं काम संपलं. २०१४ नंतर जगभर टॅबलेटची विक्री उतरत गेली. २०२० मध्ये घरोघरी ऑनलाइन वर्ग सुरू झाल्यावर ती पुन्हा वर आली, आणि तेव्हापासून स्वस्त टॅबलेटमध्ये दहा-अकरा इंच हेच नेहमीचं माप झालं.

आता कोणत्या कंपनीकडे लोक का वळतात ते पाहू. जगाच्या बाजारात अॅपल पहिल्या आणि सॅमसंग दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि हा क्रम बरीच वर्षं टिकून आहे.

आयपॅड लोक टिकाऊपणासाठी घेतात. २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२४ मध्ये आयपॅडओएस १८, म्हणजे त्या वर्षीचं नवं सॉफ्टवेअर, मिळालं. पाच वर्षं जुन्या स्वस्त अँड्रॉइड टॅबलेटच्या नशिबात हे सहसा नसतं. म्हणूनच जुना आयपॅड विकतानाही बरी किंमत येते. ए-सोळा आयपॅड आपल्याकडे ३४,९०० रुपयांना आला, १२८ जीबी साठवणुकीसह. पण त्यात मेमरी कार्ड बसत नाही, आणि मूळ आयपॅडच्या काचेवर चकाकी कमी करणारा लेपही नसतो. एअर आणि मिनीला तो आहे. अभ्यासिकेत डोक्यावर ट्यूबलाइट असते तेव्हा हे लगेच कळतं. पानाच्या मधोमध पांढरी पट्टी येते आणि टॅबलेट तिरका धरावा लागतो.

सॅमसंगचा ए-नऊ साधारण तेरा हजारांना आला होता. तो आणि ए-नऊ प्लस हे सरळ कुटुंबाचे टॅबलेट आहेत. मेमरी कार्ड बसतं, दुरुस्तीचं केंद्र सापडतं, आणि आईवडिलांना चालवायला अडचण येत नाही. ३३२ ग्रॅमचा ए-नऊ खापरीहून बर्डीला मेट्रोत उभं राहून येतानाही एका हातात राहतो. व्हिडिओ लेक्चर ऐकायला, पेपर चाळायला उत्तम. पण वरच्या तक्त्यातले साडेसहा पॉइंट लक्षात घेता नीटची तयारी त्याच्या भरवशावर करू नये. पुढे आलेल्या ए-अकरा आणि ए-अकरा प्लसचे पडदेही याच मापाचे आहेत, त्यामुळे हिशेब तोच.

शाओमी आणि वनप्लसचं आकर्षण म्हणजे तेवढ्याच पैशांत जास्त चांगला पडदा. शाओमी पॅड ७ हा २७,९९९ रुपयांपासून बाजारात आला. त्याचा पडदा ३२०० बाय २१३६ पिक्सेलचा आणि १४४ हर्ट्झचा, म्हणजे चित्र सेकंदाला १४४ वेळा बदलू शकणारा. बारीक अक्षराच्या कडा इतक्या स्वच्छ दिसतात की नऊ पॉइंटही त्रासाचे वाटत नाहीत. मेमरी कार्डाची सोय मात्र नाही. वनप्लस पॅड गो वीस हजारांच्या आत आला आणि निव्वळ वाचनासाठी या किमतीत मला तोच सगळ्यात पटतो, पण त्या पहिल्या मॉडेलला पडद्यावर लिहायचा पेन चालत नाही.

लेनोवोचा १२.७ इंची पडदा दुसऱ्या कामाला येतो. आडवा ठेवून एका बाजूला लेक्चर आणि दुसऱ्या बाजूला नोट्स लावल्या तर प्रत्येक भागाला साडेतेरा सेंटिमीटरहून जास्त रुंदी मिळते. अकरा इंची लांबट टॅबलेटवर ती बारा सेंटिमीटरच्याही खाली जाते. घरी टेबलावर बसून अभ्यास करणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. तेरा इंची आयपॅड एअरवर पान जवळपास कागदाएवढं दिसतं, पण ऐंशी हजारांच्या घरात जाणारी किंमत विद्यार्थ्यासाठी मला पटत नाही. वास्तुरचना किंवा चित्रकलेचं काम असेल तर गोष्ट वेगळी.

पेनवर घरोघरी वाद होतात, म्हणून थोडं सविस्तर. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी संगणकावर होतात. तिथे हाताने लिहायचं ते रफ कागदावर, तेव्हा पेनची निकड कमी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिचा सराव कागदावरच व्हायला हवा, कारण परीक्षेत लिहायचं कागदावर. पेनचा खरा उपयोग पीडीएफवर खुणा करायला आणि गणितं सोडवायला. त्यासाठी दोन पर्याय शेजारी ठेवा. आयपॅड ३४,९०० आणि यूएसबी-सी पेन्सिल ७,९००, मिळून ४२,८००. गॅलेक्सी टॅब एस-दहा एफई जवळपास त्रेचाळीस हजारांना आला, त्यात एस पेन बॉक्समध्येच आहे, तो चार्ज करावा लागत नाही, आणि टॅबलेट पाणी-धुळीपासून सुरक्षित. अॅपलच्या या पेन्सिलला दाब कळत नाही, म्हणजे रेघ जाड-बारीक होत नाही. लिहिण्यापुरतं ते चालतं. उलट सॅमसंगचा हा पडदा १०.९ इंची पण १६:१० चा, म्हणून पान ७० टक्केच दिसतं. जास्त लिहिणाऱ्याने सॅमसंग घ्यावा, जास्त वाचणाऱ्याने आयपॅड.

नागपूरकरांनी उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. अॅपल आयपॅड शून्य ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते आणि बंद ठेवताना ४५ अंशांपर्यंतची मर्यादा देते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या आसपास जातो, मग उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काय होत असेल ते सांगायला नको. कोणत्याही कंपनीचा टॅबलेट डिकीत किंवा गाडीच्या सीटवर ठेवून जाऊ नका. दुपारी चार्जिंगला लावून वर लेक्चर चालू ठेवू नका. तापलेला टॅबलेट आधी पडद्याचा उजेड कमी करतो, आणि सतत तापला तर बॅटरी लवकर थकते.

खरेदीआधी आणखी एक चौकशी करा. महाज्योती ही महाराष्ट्र शासनाची संस्था, मुख्यालय आपल्या नागपुरातच. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, विज्ञान शाखेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी ती मोफत टॅबलेट आणि इंटरनेट डेटा देते. दहावीच्या निकालानंतर अर्ज मागवले जातात. मुलगा किंवा मुलगी पात्र असेल तर आधी तिथे अर्ज करा आणि घरचे पैसे पुस्तकांसाठी, टेस्ट सिरीजसाठी ठेवा.

दुकानात जाताना पिशवीत छापील नोट्सचं एक पान न्या आणि त्याच पानाची पीडीएफ फोनवर ठेवा. दुकानदाराला व्हिडिओ बंद करून ती पीडीएफ टॅबलेटवर उघडायला सांगा. टॅबलेट उभा धरा, मांडीवर पुस्तक ठेवतो तेवढ्या अंतरावर, कागद शेजारी. मुलांनाच वाचू द्या, कारण चष्म्याचा नंबर त्यांचा आहे. मग विचारा की काच फुटली तर नागपुरातच बदलून मिळते का, किती दिवसांत आणि किती रुपयांत. वीस हजारांपर्यंत बजेट आणि फक्त वाचन असेल तर वनप्लस पॅड गो. तीस हजारांपर्यंत शाओमी पॅड ७. पाच वर्षं बदलायचा नसेल आणि पैसे असतील तर आयपॅड. घरात आजी-आजोबा, मुलं असे सगळेच वापरणार असतील तर ए-नऊ प्लस किंवा त्याच्या पुढचं ए-अकरा प्लस.