‘इंग्लिश विलो’ म्हणून साडेआठ हजारांना गळ्यात मारलेली बॅट

पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या सतरा वर्षांच्या पोराची ही बॅट. कापसाचे पैसे हातात आल्यावर वडिलांनी मोबाइलवर फोटो बघून मागवली. ‘भाऊ, मेरठच्या कारखान्यातून थेट, इंग्लिश विलो, ग्रेड वन, नॉकिंग केलेली, आली की खेळायला लागा.’ इंग्लिश विलो म्हणजे इंग्लंडमधल्या विलो झाडाचं लाकूड, नॉकिंग म्हणजे नवी बॅट ठोकून खेळायला तयार करणं. साडेआठ हजार आगाऊ, यूपीआयने. चौथ्या नेटला यॉर्कर अडवताना टो, म्हणजे बॅटचं खालचं टोक, उभा चिरला. विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला.

चीर चिकटवायला टोचं रबर काढलं आणि बिंग फुटलं. बॅटच्या तोंडावर आठ सरळ, एकसारख्या अंतराच्या ग्रेन्स, म्हणजे लाकडातल्या उभ्या रेघा, होत्या. टोच्या कापलेल्या लाकडात मात्र त्यांतली एकही नाही. ग्रेन म्हणजे झाडाच्या वाढीचं वर्ष. ती वरवरची रेघ नसते, लाकडाच्या जाडीतून आरपार जाते, म्हणून टोवरही दिसायलाच हवी. तोंडावरची पारदर्शक फिल्म सोलली तर रेघा फिल्मबरोबरच निघून आल्या. खाली ब्लीच करून पांढरं केलेलं काश्मीर विलो.

काश्मीर विलो वाईट नाही. अनंतनाग जिल्ह्यात संगम-बिजबेहाऱ्याकडे या बॅटी बनतात, आणि दोन-तीन हजारांत चांगली मिळते. टेनिस बॉलला आणि नव्याने लेदर खेळणाऱ्याला ती पुरते. पण ते लाकूड जास्त घट्ट, जड आणि तपकिरी झाक असलेलं असतं. त्याचे साडेआठ हजार घेणं ही सरळ लूट आहे.

म्हणून फिल्म आणि टोचं रबर लावलेली बॅट घेऊच नका. ‘आधी उघडी दाखवा, फिल्म नंतर लावा’ असं सांगा. तोंड, टो आणि मागची बाजू, तिन्हीकडे ग्रेन्स जुळतात का बघा. एजवर, म्हणजे बॅटच्या कडेवर, पांढरी फायबर टेप असेल तर ती कशासाठी, ते विचारा. कधी कधी टेपखाली लाकडाचा भुसा आणि गोंद भरून बुजवलेली चीर निघते. हँडल जिथे पात्यात बसतं त्या व्ही आकाराच्या सांध्यात नखही शिरता कामा नये. टो जमिनीवर टेकवून हँडल हलकेच दाबा; ते थोडं लवलं पाहिजे, करकरता कामा नये.

दुसरी फसवणूक वजनाची. स्टिकरवर 1180 ग्रॅम, किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर 1310. पोराची उंची पाच फूट तीन इंच आणि हातात फुल साइज. विक्रेत्याने उंची विचारलीच नाही. आपल्याकडे बॅटही कपड्यासारखी वाढत्या अंगाची घेतात, तिथेच घात होतो. जड, लांब बॅट वेळेवर खाली येत नाही, यॉर्करला टोवरच चेंडू बसतो. या उंचीला हॅरो साइज, म्हणजे फुल साइजपेक्षा एक माप लहान, बघायला हवी होती.

माप घेताना बूट-पॅड घालून स्टान्स घ्या, टो मागच्या पायाच्या बोटांशी टेकवा. हँडलचं टोक मांडीच्या वरच्या भागाशी, जांघेजवळ आलं पाहिजे. मग फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजव्या बॅट्समनने डाव्या हाताने, बॅट समोर आडवी धरा आणि दहा आकडे मोजा. मनगट खाली गेलं तर ती बॅट तुमची नाही, किंमत कितीही कमी असो.

‘नॉकिंग केलेली’ यावरही विसंबू नका. जवसाचं कच्चं तेल, न उकळलेलं, चमचाभर घेऊन तोंड, एज आणि टोला पातळ हात द्या; सांध्याला आणि स्टिकरला नाही. रात्रभर आडवी ठेवा, असं दोन-तीनदा. मग मॅलेटने, म्हणजे बॅट ठोकायच्या लाकडी हातोडीने, पाच-सहा तास, थोडं थोडं करून, हलक्या हाताने सुरुवात करत. एज तिरक्या ठोक्यांनी गोलावायच्या, टोच्या तळावर सरळ मारायचं नाही. फिल्म त्यानंतर. आणि एप्रिल-मेच्या जळगावच्या उन्हात बॅट पत्र्याखाली किंवा बंद गाडीत ठेवू नका. लाकडातला ओलावा उडतो आणि खरी इंग्लिश विलोही तडकते.

बिलावर ‘इंग्लिश विलो’, साइज आणि वजन लिहून घ्या. बॅट चिरली याची भरपाई सहसा मिळत नाही, पण लाकूडच खोटं दिलं तर तक्रार उभी राहते. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मेसेज, यूपीआयची पावती, काट्यावरच्या वजनाचा फोटो जपा. आणि सोललेली फिल्म फेकू नका, रेघा तिच्यावरच आहेत.