गिअरबॉक्स जागचा हललाच नाही, पण उतरवल्याचं बिल घेतलं

सोलापुरात गाडीचं काम करून घेणाऱ्यांनी हे वाचा, खास करून ज्यांच्या गाडीखाली गिअर ऑइलचे डाग पडतायत त्यांनी.

माझी डिझेल हॅचबॅक आहे, मॅन्युअल गिअरची. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला फरशीवर तेल पडायला लागलं, इंजिन ऑइलसारखं काळं नाही, पिवळसर, चिकट आणि वासाला गंधकासारखं उग्र, म्हणजे गिअर ऑइलच. ज्या गॅरेजला गाडी दिली त्याचं नाव इथं लिहीत नाही. तिथे म्हणाले ड्राइव्ह शाफ्टचे (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारे दांडे) दोन्ही ऑइल सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, बदलले, बिलावर पण दोन्ही लिहिले, आणि थोड्याच दिवसांत परत डाग. परत गेलो तर म्हणे मालक, आता क्लचच्या बाजूने गळतंय, इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणारा दांडा) सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागणार. गाडी ठेवून घेतली, साडेसात हजार नुसतं लेबर लावलं, सील आणि ऑइलचे वेगळे. काढलेलं सील दाखवा म्हणलं तर ते कचऱ्यात गेलं. एवढं करून तुळजापूरला जाऊन आलो की खाली तेल आहेच! मग नवीन सुरू केलं, आतले बेअरिंग गेलेत, पूर्ण गिअरबॉक्स खोलायचा, पंचवीस हजार तयार ठेवा.

तिथून गाडी काढली आणि अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडे एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी काही खोललंच नाही. क्लच घसरतो का एवढंच विचारलं, नाही म्हणलं. म्हणाले इनपुट शाफ्टचं सील गळत असलं की तेल बेल हाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) उतरतं, क्लच प्लेटला लागतं आणि क्लच घसरायला लागतो, तुमचं तसलं काही दिसत नाही. मग गिअरबॉक्स डिझेलने धुऊन कोरडा पुसला, वरून टाल्कम पावडर मारली आणि होटगी रोडला चक्कर मारून यायला सांगितलं. आल्यावर रॅम्पवर घेतली तर पांढऱ्या पावडरीत ओली रेघ बरोबर डाव्या शाफ्टच्या तोंडापासून निघालेली, बेल हाउसिंगच्या खाली सगळं कोरडं ठणठणीत.

नंतर त्यांनी टॉर्च मारून बेल हाउसिंगचे बोल्ट दाखवले, ते बघून माझं डोकंच फिरलं. बोल्टच्या कडेला जुना चिखल वाळून बसलेला, त्यावर गंज, पाना लागल्याची एक खूण नाही. गिअरबॉक्स उतरवायचा तर हे बोल्ट काढल्याशिवाय उतरतच नाही. आणि डावा शाफ्ट काढला तर आत मूळचंच सील, रबराची कड इतकी कडक झालेली की नख दाबलं तरी दबेना आणि एका जागी चीर. उजव्या बाजूचं तेवढं नवीन होतं. म्हणजे दोनचे पैसे घेऊन एकच टाकलं, आणि तेही न गळणाऱ्या बाजूला!

अजून एक निघालं, गिअरबॉक्सच्या वरचा ब्रीदर (हवा बाहेर जायचं छोटं तोंड) मातीने बुजलेला. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, तिला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही तर दाब सीलवर येतो आणि तेल बाहेर ढकललं जातं, म्हणून लांबचा रन झाला की जास्त गळायचं. ब्रीदर साफ केला, शाफ्टवर जिथे सील बसतं तिथे खाच पडली नाही ना ते बोट फिरवून बघितलं (खाच असली तर नवीन सील पण गळतं), डावं सील टाकलं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं ७५डब्ल्यू-८० जीएल-४ ग्रेडचं गिअर ऑइल फिलर होलच्या (तेल भरायच्या भोकाच्या) काठापर्यंत भरलं. सगळं मिळून बावीसशे रुपये. आता खाली थेंब नाही.

तुमच्याकडे कोणी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणलं तर आधी धुऊन, पावडर मारून गळती नेमकी कुठून आहे ते दाखवायला लावा, बेल हाउसिंगच्या बोल्टचे फोटो काम सुरू व्हायच्या आधी काढा, आणि काढलेले पार्ट परत हवेत हे जॉब कार्डवर लिहून घ्या, नुसत्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

फोटो आणि जुनं सील घेऊन पहिल्या गॅरेजला गेलो तर म्हणाले पोरांकडून राहिलं असेल, पुढची सर्व्हिस फुकट करून देतो. मला फुकट सर्व्हिस नको, न केलेल्या कामाचे पैसे परत पाहिजेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे, तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही.