आरएक्स १००, ६ फूट २ इंच आणि ती एक शिवण

यामाहाच्या आरएक्स १०० मोटरसायकलचा पिकअप, आवाज आणि मायलेज यांवर काही लिहीत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना ते पाठ आहे, आणि ज्यांच्याकडे नाही ते भाव ऐकूनच गप्प होतात. माझी १९९४ची आहे, वडिलांची. त्यांची उंची बेताची, त्यामुळे त्यांना गाडी अंगाबरोबर यायची. मी ६ फूट २ इंच. मी बसलो की गुडघे टाकीच्या वर येतात आणि यू-टर्न मारताना हँडलची मूठ गुडघ्यावर आपटते. पुणे ते सातारा गेलो की उतरताना दोन मिनिटं कमरेला हात लावून उभं राहायचं.

उपाय सांगणारे भरपूर भेटले. त्यातला सगळ्यात आवडता म्हणजे ‘मागचे शॉकअप लांब टाका’. अहो, त्याने गाडी वर जाईल, पण सीट आणि फूटरेस्ट यांच्यातलं अंतर तेवढंच राहणार. गुडघा दुमडतो तो त्या अंतरामुळे. वर डबल स्टँड लावला तरी मागचं चाक जमिनीला टेकून राहणार ते वेगळंच. फूटरेस्ट खाली घ्यायची तर वेल्डिंग आलं, मग ब्रेकचा पायडल आणि गिअरचा लिव्हर दोन्ही फिरवून बसवायचे, आणि आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर फूटरेस्ट घासणार. शिवाय १५ वर्षं उलटलेली गाडी दर ५ वर्षांनी आरटीओत पासिंगला उभी करायची असते. तिथे इन्स्पेक्टरपुढे वेल्डिंगचं समर्थन करत बसायला मला वेळ नाही. काढून मूळ जागी ठेवता येईल असंच करायचं, हे आधीच ठरलं होतं.

म्हणून सीट. जुनी सीट माळ्यावर ठेवली आणि सीटच्या तळाचा दुसरा पत्रा आणून त्यावर पुढचा भाग दीड इंच उंच करून घेतला. मागे बसणाऱ्याचा भाग आहे तसाच ठेवला, कारण आई एका बाजूला बसते आणि तिला वर चढता आलं पाहिजे. कुशनवाल्याने खाली रिबॉन्डचा कडक थर घातला (तो रंगीबेरंगी तुकडे दाबून केलेला फोम), वर मऊ फोम, त्यावर काळं रेक्झिन. १८०० रुपये. १५०० म्हणालो, तो हसला.

फरक पहिल्याच दिवशी कळला. दीड इंच ऐकायला काहीच नाही, पण मांडी आता पुढे उतरती राहते, वजन माकडहाडावरून मांड्यांवर जातं आणि टाकीला गुडघे जिथे लागायला हवेत तिथेच लागतात. खंबाटकी घाट चढताना पहिल्यांदा वाटलं की गाडी माझ्याही मापाची आहे. आईचं मत वेगळं: ‘तुझ्या पाठीशिवाय काही दिसत नाही.’

इथपर्यंतचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि तेव्हा पैकीच्या पैकी मार्क देणार होतो. जूनमध्ये पाऊस आला.

कुशनवाल्याने शोभेसाठी सीटवर एक आडवी शिवण मारली होती. बरोबर बसायच्या जागी. मी सांगितली नव्हती. पाणी शिवणीच्या भोकांतून आत जातं, फोम ते पिऊन घेतो आणि आपण बसलो की आपल्या वजनाने ते परत वर येतं. रस्ता कोरडा, ऊन पडलेलं, आणि ऑफिसात पोचल्यावर पँटवर मागे ओलसर पट्टा. दोन-दोन दिवस वाळत नाही. अंगठ्याने शिवण दाबली की प्रत्येक भोकातून एक बारीक थेंब ओळीने वर यायचा. सीट छान, उंची छान, गुडघे खूश, पण मी रोज सकाळी सीटवर दुधाची पिशवी अंथरून निघायचो आणि ती वळणावर सरकायची.

गेलो त्याच्याकडे. ‘साहेब, रेक्झिन एक नंबर आहे, पाणी जाणारच नाही.’

‘रेक्झिनमधून नाही हो, शिवणीतून जातं.’

‘पाऊस थांबला की वाळेल.’

पावसाळा संपला की पावसाची तक्रार राहत नाही, हे मलाही कळतं! जुन्या सीटच्या कव्हरवरच्या रेघा दाबून उमटवलेल्या होत्या, टाके फक्त कडेला होते. तो फोटो दाखवला तेव्हा कुठे ऐकलं. शेवटी रेक्झिन उलगडलं, फोमवर जाड प्लास्टिक चढवलं आणि शिवण कडेला खाली नेली. त्याचे वर ३५० घेतले. स्वतःच मारलेली शिवण काढायचे ३५०! ऑगस्टपासून मात्र पँट कोरडी.

हँडलचं थोडक्यात. जरा उंच हँडल टाकलं, मूठ आता गुडघ्याला लागत नाही. केबल मात्र लांबीच्या घ्या, जुन्या ताणून बसवू देऊ नका. आरएक्सचं इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळे ॲक्सिलेटरची केबल पुढे दोन वाटांनी जाते, एक कार्बोरेटरला आणि एक इंजिनात ऑइल सोडणाऱ्या पंपाला. केबल ताणलेली असली तर हँडल वळवलं की रेस आपोआप वाढते. नवी टाकल्यावर पंपाकडची वाट सैल राहिली तर ऑइल कमी जातं आणि पिस्टन जाम होतो. फिटरसमोर उभं राहून पंपाची खूण जुळवून घ्या. नाना पेठेत केबल मिळतात, जुनी सोबत नेऊन लांबी मापून घ्या.

सीट करायला टाकणार असाल तर आधीच सांगा: वर एकही टाका नको, फोमवर प्लास्टिक हवं, आणि ते १८०० मध्येच. रिबॉन्डऐवजी योगा मॅटसारखा पाणी न पिणारा थर घातला तर चालतो का, हे त्याला विचारलं होतं. चालतो म्हणाला, ४०० जास्त पडतील. माझी जुनी मॅट घरात पडून आहे, पुढच्या वेळी तीच कापून नेणार.